कळमेश्वरचा बाबांचा कारखाना

वेबसाइटसाठी थीम बनवणं हा माझा धंदा. थीम म्हणजे आयता साचा. लोक तो उतरवून घेतात आणि त्यात आपला मजकूर, आपले फोटो भरतात. साचा ओकाबोका दिसू नये म्हणून मी नमुन्याचे फोटो घालून देते. एका थीममध्ये 'संस्थापक' या चौकटीत कोणाला बसवावं ते सुचेना. नुकतेच निवृत्त झालेले बाबा समोरच पेपर वाचत होते. त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि गच्चीवर फोटो काढला. जन्मभर कारकुनी केलेला माणूस बसल्या जागी संस्थापक झाला.

पुढे सहज गंमत म्हणून तो फोटो इंटरनेटवर शोधला आणि हसून हसून पुरेवाट झाली. लोक महाआळशी! मजकूर बदललेला, फोटो तसाच. बाबा ब्राझीलमध्ये दातांचा दवाखाना चालवत होते, पोलंडमध्ये वकिली करत होते आणि इथे कळमेश्वरला त्यांचा पोत्यांचा कारखाना होता.

निवृत्तीनंतर बाबांना कोणी काही विचारेनासं झालं होतं. ते त्यांना आतून खात होतं, मला दिसत होतं. आता रोज चहासोबत चौकशी सुरू झाली, "पाहून सांग वं, मी अजून तिथं आहो ना?" ब्राझीलवाल्याने फोटो बदलला, मग पोलंडवाल्याने. प्रत्येक वेळी बाबांचा चेहरा उतरला. कळमेश्वर तेवढं उरलं.

"चाल, आपला कारखाना पाहून येऊ," एक दिवस ते म्हणाले.

"काहून?"

"मालकानं आपला कारखाना पाहू नये का?"

आणि तोच शर्ट घालून माझ्या स्कूटरवर मागे बसले.

ऑफिसात तिशीतला तरुण मालक होता. बाबांना पाहताच तो ताडकन उठला. मी थीमची सगळी हकिकत सांगितली. आता हा फोटो काढून टाकणार आणि बाबांचं उरलंसुरलंही जाणार, या विचाराने मला उगाच आणलं यांना असं झालं.

"काका, बुरा नका मानू," तो म्हणाला. "कारखाना माझ्या बाबांनी टाकला. मी साइट बनवून राहिलो होतो अन् ते गेले. त्या जागी माझा फोटो लावायची हिंमत नाही झाली. रिकामी जागाही पाहवत नव्हती मले. तुम्ही होते, तर राहू दिलं. तुमची हरकत नसंल तर राहा ना."

भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता. बाबा त्याच्याकडे बघत होते.

"हा काहून नाही लावला?"

"हार घातलेला कसा लावू, काका?"

बाबा उठले. त्यांनी स्वतः हार उतरवला, रुमालाने काच पुसली आणि फोटो माझ्या हातात दिला. "माझी पोरगी आत्ताच लावून देते," म्हणाले. ही एकच जागा उरली होती त्यांना.

मी मोबाइलवर फोटो काढला, मालकाच्या कॉम्प्युटरवरून साइटवर बाबांच्या जागी चढवला आणि पान पुन्हा उघडलं. चौकटीत जाड मिशांचे एक गृहस्थ हसत होते. मालक स्क्रीनजवळ वाकला.

"आले बाबा," एवढंच म्हणाला.

माझे बाबा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ त्याची पाठ थोपटत राहिले.