रुमालाखालची बेरीज

माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची. धरलं एक बोट तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. बघणाऱ्याला काही कळत नसे. मी गणित तिथंच शिकलो. पुढं चुडाव्याजवळच्या एका गावात मास्तर झालो, तेव्हा तोच रुमाल वर्गात आणला.

तिसरीत एक मुलगी होती. आधीच्या गुरुजींनी बोटांवर मोजते म्हणून तिच्या बोटांवर छडी मारलेली. तेव्हापासून गणिताच्या तासाला ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. पाढे घडाघडा म्हणायची, पण आठ आणि पाच किती विचारलं की गप्प. तिच्या बापानं मला सरळ सांगितलं होतं, "गुरुजी, यंदा वर गेली तर ठीक. न्हाई तर घरी बसू दे. धाकट्याला सांभाळायला कुणी न्हाई."

मी तिचे हात मांडीखालून काढून रुमालाखाली नेले. समोरच्या पोरीची बोटं ती चाचपायची, डोळे मिटून आकडा सांगायची. दिवाळीनंतर तिला रुमाल लागेना.

परीक्षेला विस्तार अधिकारी आले. पोरांचे हात रुमालाखाली बघून भडकले.

"गुरुजी, शाळा हाय का बैलबाजार? बोटं धरली की मेंदू झोपतो!"

"मेंदू काय बोटांपासून तोडून ठेवलाय का साहेब?" माझा आवाज चढला. मी त्या मुलीला पुढं केलं. "घाला तिला गणित."

त्यांनी मुद्दाम अवघड घातलं. अठ्ठावीस आणि सात.

तिनं हात मागं बांधले, डोळे मिटले. "अठ्ठाविसाला दोन बोटं दिली, तीस झाले. राह्यला पंजा. पस्तीस."

साहेब म्हणाले, "तेराचा पाढा म्हण."

साहेबांच्या आवाजानं ती दचकली, मधेच अडकली. साहेबांना तेच हवं होतं. "पाठांतर न्हाई. ही तिसरीतच बसंल."

मी त्यांना व्हरांड्यात घेतलं. "साहेब, तुमाला राग माझा हाय. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. पोरीला चौथीत घाला."

"लय महाग पडंल, गुरुजी."

"पडू द्या. पण आधी तिचा निकाल, मग माझा शेरा."

त्यांनी त्याच क्रमानं सह्या केल्या. माझ्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्यात 'बाजारी पद्धतीनं शिकवतात' असं लिहिलं. त्या शेऱ्यामुळं मुख्याध्यापकपद माझ्या मागून आलेल्यांना मिळत गेलं, मला नाही.

काही वर्षांनी परभणीत प्रशिक्षण लागलं. एका तरुण अधिव्याख्यात्यानं फळ्यावर मेंदूचं चित्र काढलं आणि सांगितलं, लहान मूल आधी हातानं शिकतं, मग मनात चित्र धरतं, आकडा त्याच्यानंतर. मंचावर तेच साहेब बसले होते, मान डोलवत. मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, मेंदू आता झोपत न्हाई वाटतं?" हॉल हसला. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला.

शेरा खोडा म्हणून मी आजवर अर्ज केलेला नाही, करणारही नाही. सौदा मी स्वतः ठरवला होता. त्या परीक्षेनंतरच्या जूनमध्ये ती मुलगी चौथीच्या रांगेत उभी होती, हात मोकळे सोडून.