वहिनीचे मामा, मुक्काम पोस्ट समुद्र

आमच्या वहिनीच्या मामांना सापडली नाही अशी गळती या पृथ्वीतलावर अजून व्हायची आहे. हे मी कौतुकाच्या भरात वाहवत जाऊन म्हणत नाही. मी मूळचा संशयी माणूस, मेथीची जुडीदेखील सोडून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. पण मामांपुढे मी हात टेकले. चंद्रपूरला तीस वर्षं त्यांनी कुलरच्या टाक्या दुरुस्त केल्या. चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल मी वेगळं सांगायला नको. आमच्याकडे मे महिन्यात माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत नाहीत, कुलर चालू आहे ना, एवढंच विचारतात. अशा गावात टाकीला भोक पडलं की डॉक्टरच्या आधी मामांना फोन जाई. मामा येत, चपला काढत, बोटाच्या पेराने टाकीवर टकटक करत, डोळे मिटून ऐकत, आणि जिथून पाणी ठिबकत असे त्याच्या बरोबर उलट्या कोपऱ्यावर खडूने फुली मारत. "पाणी जिथी दिसते तिथी भोक नसते, बाबू," असं म्हणून ते फायबरची चटई कापायला बसत. त्यावर रेझिन फासून ते असा हात फिरवत की पुढे टाकीचा पत्रा गंजून झडला तरी मामांचं ठिगळ जागच्या जागी राही.

मामा अविवाहित राहिले त्यालाही कुलरच कारण. आमच्याकडे लग्नसराई आणि कुलरचा हंगाम एकाच वेळी येतो. मुलगी पाहायला जायचं ठरलं की नेमकी त्याच दिवशी कुणाची तरी टाकी फुटायची. एकदा मात्र नातेवाइकांनी त्यांना धरूनबांधून आरमोरीजवळच्या एका गावी नेलं. पोहे आले, मुलगी आली, आणि मामा जागेवर नाहीत. ते मागच्या अंगणात मुलीच्या वडिलांचा कुलर उघडून बसले होते. दोन तासांनी हात पुसत आत आले तोवर मुलगी आत गेलेली, पाहुणे जांभया देत बसलेले. मुलीचे वडील इतके खूश झाले की दर उन्हाळ्याच्या तोंडाशी मामांनीच यायचं असं त्यांनी पक्कं करून टाकलं. मुलगी मात्र त्यांनी वडसा गावातल्या दुसऱ्या एकाला दिली. मामा पुढे तिच्या सासरचाही कुलर नीट करून आले.

आमची वहिनी वाढली ती या माणसाच्या छायेत. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हा मामांनी बहिणीला आणि भाचीला चंद्रपूरला आणलं. वहिनीचा सगळा अभ्यास मामांच्या दुकानात, कुलरच्या रिकाम्या बॉडीत बसून झाला. पाढे म्हणताना आवाज घुमायचा म्हणून तिला ते अजून पाठ आहेत असं ती सांगते. मामांनी तिचं लग्न लावून दिलं, पुढच्या वर्षी बहीण गेली, आणि मामा एकटे पडले. मग फायबरच्या टाक्या बनवायला म्हणून ते कुवेतला गेले, तिथून कुणाच्या ओळखीने मासेमारीच्या बोटी दुरुस्त करायला पोर्तुगालला, आणि बोटींवरून शेवटी लाटांवर उभं राहायच्या फळ्यांवर येऊन पोचले. समुद्रकाठचं ते गाव या फळ्यांवरच जगतं. माणसं फळीवर पालथी पडून हातांनी पाणी मारत आत जातात, लाट आली की तिच्यावर उभी राहतात, किनाऱ्याला लागली की वळून पुन्हा आत जातात. हे सगळं कामधंदा सोडून. मामा शेवटचे घरी येऊन गेले त्याला सात वर्षं झाली होती. त्याच गावात, प्रवासी उतरतात अशा एका घरी सकाळचा नाश्ता बनवायची नोकरी मामांनी मला लावून दिली, तेव्हा बस स्टँडवर वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमची नोकरी तुमच्यापाशी. माह्यं एकच काम आहे. मामाले घेऊन या." मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आणतो.

पहिल्याच दिवशी मामांना शोधायला वाळूत गेलो. शोधावं लागलंच नाही. सगळा किनारा उघडाबंब, आणि मध्ये एक माकडटोपी. खाली स्वेटर, त्यावर वहिनीने विणलेला मफलर, आणि हे सगळं भर दुपारी उन्हात पाय पसरून बसलेलं. चंद्रपूरचा माणूस आपण होऊन उन्हात बसलेला मी जन्मात प्रथम पाहिला. मी तसं म्हटल्यावर ते हसले. "हे ऊन नाई, बाबू. हे चांदणं आहे." मग समुद्राकडे बोट करून, आवाज उतरवून म्हणाले, "येवढी मोठी टाकी, अन् एक थेंब गळत नाई. कोणं बनवली असंन?" आणि त्यांनी हात जोडले. रोज सकाळी ते असे हात जोडत. पाण्यात मात्र कधी पाऊल घातलं नाही. वैनगंगेत पोहायला शिकलेला हा माणूस, पण विचारलं की म्हणायचा, "टाकीवाल्यानं टाकीत उतरू नाई."

बाकी त्या गावात ते असे रुळले होते की मीच परका वाटे. लाटा चांगल्या लागल्या की तिथली दुकानं बंद होतात. पाववाला नाही, न्हावी नाही, पोस्टातला माणूससुद्धा अर्धा दिवस गायब. मी पहिल्यांदा चिडचिड केली. मामा शांतपणे म्हणाले, "काऊन चिडतं? आपल्या इकडं धानाची रोवणी लागली का आरमोरीत एक तरी माणूस भेटते का? ह्यायची रोवणी आहे ही." जेवणाचंही तेच. भात आणि सुकी मच्छी या दोन गोष्टींवर त्या लोकांचा जीव, हे कळल्यावर मामांनी त्या देशाला आमच्या धानाच्या झाडीपट्टीचा एक तालुका म्हणून मनोमन मान्यता देऊन टाकली होती.

पण मी खरा गप्प झालो तो त्यांचं काम पाहून. किनाऱ्यावर दोन लाकडी घोडे, त्यावर मोडकी फळी, आणि भोवती वाळूत बसलेली चार-पाच माणसं. मामा फळीला पाट म्हणत, जेवायला बसायचा असतो तो. पाट आला की आधी टकटक, मग डोळे मिटणं, मग खडूची फुली. आणि मग ते पाटावर तळहात फिरवत. उभं राहून राहून पावलांनी फळी बारीक दबलेली असते. आपल्याला दिसत नाही, मामांच्या हाताला लागते. एकदा लांबच्या शहरातून एक धिप्पाड गडी आला. त्याचं त्या भागात मोठं नाव होतं, पोरंपोरी त्याच्याकडे चोरून बघत होती. त्याची फळी नाकाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, फुटली होती. मामांनी हात फिरवला आणि मला म्हणाले, "ह्याले सांग, हा मागच्या पायावर उभा राह्यते. भेते हा." आता हे मी कुठल्या तोंडाने सांगू? माझं पोर्तुगीज तेव्हा कांदा-बटाट्यापुरतं होतं, आणि गडी माझ्या दुप्पट. मी अर्धवट काहीतरी पुटपुटलो. पण त्याला कळलं. तो मामांसमोर वाळूत मटकन बसला आणि हातवारे करत, मोडक्या इंग्रजीत सांगू लागला. गेल्या हिवाळ्यात एका लाटेने त्याला खाली दाबून धरलं होतं. वर येईन असं वाटलं नव्हतं, आणि हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. मामांना त्यातला एक शब्द समजला नाही. त्यांनी मान हलवली आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा त्याच्या हातात दिला. तो गडी पुढे आठ दिवस रोज येऊन मामांशेजारी आपलीच फळी घासत बसला. जाताना त्याने वाकून मामांच्या दोन्ही हातांवर कपाळ टेकलं. 

या सगळ्यात माझं मुख्य काम राहिलं होतं. आठवड्यातून एकदा मी विचारायचो, "मामा, घरी चलता ना?" मामा काम न थांबवता म्हणायचे, "आमान्या." तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ उद्या. मी वहिनीला कळवायचो, मामा उद्या म्हणतात. ती बिचारी तेवढ्यावर गादी उन्हात टाकायची, आंबील आवडते म्हणून ज्वारी दळून आणायची. असं वर्ष गेलं. शेवटी एक दिवस मी नाश्ता बनवायचो त्या घराची मालकीण, साठीची, बिनचपलेची, स्वभावाने अगदी गाय, तीसुद्धा मला म्हणाली की माझी फळी पावसाळ्यापासून तुझ्या मामाकडे आहे, तो रोज उद्या म्हणतो, त्याच्या उद्याची तारीख तेवढी विचारून सांग, घाई नाही.

मी तसाच गेलो आणि जरा आवाज चढवूनच म्हटलं, "मामा, एकदा सरळ सांगा. उद्या म्हणजे कधी?"

"उद्या कोण म्हणलं?"

"तुम्हीच! सगळ्यांना आमान्या आमान्या म्हणता ना?"

"मंग? मान्य म्हणतो मी. इथचे लोकं मान्यले आमान्याच म्हणते ना. ते म्हणते पाट करून दे, मी म्हणतो मान्य. तू म्हणतं घरी चला, मी म्हणतो मान्य."

"मामा, आमान्या म्हणजे उद्या."

त्यांचा हात थांबला. माकडटोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. आल्यापासून ते गावभर मान डोलावून होकार देत होते, आणि गाव त्यांच्याकडून रोज उद्याचा वायदा घेऊन परत जात होतं. मला हसू आवरेना. मामा हसले नाहीत.

"म्हणजे येवढी वर्षं मी सगळ्यायले उद्या-उद्याच म्हणून राह्यलो?"

"हो."

"अन् कोणी काही बोललं नाई?"

"नाही."

ते समुद्राकडे वळले. मग म्हणाले, "चंद्रपूरले एप्रिल लागला का एकच बोल ऐकला मी, आत्ताच्या आत्ता या. मी गेलो. जेवता जेवता उठून गेलो. माही बहीण दवाखान्यात शेवटच्या दिवशी होती, तेव्हाबी एकाचा फोन आला, आत्ताच्या आत्ता. मले वाटलं घंटाभऱ्यात येतो. टाकी झाली, बाबू. बहीण नाई भेटली." त्यांनी टोपी दोन्ही हातांनी सरळ केली. "इथी मी उद्या म्हणलं तं लोकं बसून राह्यले. एकानं घाई नाई केली. आता तुले मान्य म्हणलं तं खोटं होते, उद्या म्हणलं तरी खोटंच होते. माह्यानं येणं नाई होत. पोरीले कसं सांगू, तूच सांग."

त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलेलं ते पहिलं काम असावं, आणि ते नेमकं माझ्या गळ्यात आलं. दोन दिवस मी वहिनीचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला, पण मुद्द्यावर येईना. तब्येत, पगार, लाटा, असं काहीबाही बोलत राहिलो. शेवटी मी फोनचा कॅमेराच मामांकडे वळवला. ते वीसेक पावलांवर होते. पाट घोड्यावर होता, भोवती चार माणसं होती, त्यातलं एक चक्क झोपलं होतं. मामांच्या हातात काही नव्हतं. ते नुसते बसले होते.

"काय करून राह्यले मामा?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. बसलेत."

"बसले?" तिने विचारलं. मग तिचा आवाज बारीक झाला. "भाऊजी, माह्या लग्नात मामा मांडवामागं टाकी करून राह्यले होते. मी त्यायले असं बसलेलं कधी पाह्यलं नाई. एक दिवस नाई."

मी म्हटलं, "वहिनी, मामा म्हणतात..."

"नका सांगू," ती म्हणाली. "समजलं मले. राहू द्या त्यायले तिथीच." आणि मग नाक ओढून, "फोन नका ठेवू. थोडंसं पाहू द्या."

माझा हात भरून आला, मी हात बदलला. वहिनी पाहत होती. मामांना पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी मी एकटाच परत आलो. वहिनीसमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. तिने माझी बॅग घेतली आणि आधी जेवायला वाढलं. मला तिचं फार वाईट वाटतं आणि मामांचा हेवाही वाटतो, दोन्ही एकदम, आणि त्यातलं कुठलंच कमी होत नाही. ती अजून दर रविवारी त्यांना फोन करते. घरी कधी येता हे आता विचारत नाही. समुद्र तिने कधी पाहिलेला नाही, पण आज समुद्र कसा आहे, हे विचारते, आणि मामा सांगत असतात तोवर गॅस बारीक करून ऐकत उभी राहते.