ओनो-सानचे बूट आणि अनुदानाचं मशीन

निशी-कसाईतल्या घरून पहाटे निघालो मासे खायला आणि दुपारी सापडलो पंचनाम्यात.

ऑफिसातल्या साकामोतो-सानची आई उत्तरेच्या किनाऱ्यावर कामाबोको (वाफवलेल्या माशाच्या वड्या) बनवते. त्सुनामीत कारखाना गेला, मग सरकारी अनुदानातून नवं मशीन आलं. समोरच्या ओनो-सानचाही कारखाना गेला, पण त्यांना अनुदान मिळालं नाही. म्हणून रोज दुपारी ते ओका-सानच्या (आईंच्या) मशीनवर आपल्या वड्या करतात. नियमात हे बसत नाही. अनुदानाचं मशीन परवानगीशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही.

"आज तपासणीवाले येतायत," गरम वडी माझ्या हातावर ठेवत ओका-सान म्हणाल्या. "ओनोला घरी पाठवलंय."

मी लगेच तपासणीवाला झालो. मान तिरकी केली, दातांतून श्वास आत ओढला. "हे जरा अवघड आहे." जपानी साहेबाच्या भाषेत म्हणजे 'नाही'. ओका-सान पोट धरून हसल्या.

मग हात धुवायला मागे गेलो. दाराआड गमबूट कसेही फेकलेले. चाळीसगावात चपला भिरकावणारा मी, पण जपानी शिस्त अंगात भिनलेली. पुढच्या दारात नीट मांडले, टोकं बाहेर करून. टाचेवर काहीतरी लिहिलं होतं. मला जपानी बोलता येतं, वाचता येत नाही.

थोड्या वेळाने आलेल्या तपासणीवाल्याला येत होतं. टाचेवर ओनो-सानच्या कारखान्याचं नाव.

"हे कुणाचे?"

"माझे," मी म्हणालो. त्याने माझे पाय बघितले. बूट तीन बोटं आखूड होते.

"ओनोचे," ओका-सान म्हणाल्या. "रोज येतो. परवानगी नाही घेतली."

त्याने दातांतून श्वास आत ओढला, अगदी माझ्यासारखा. "अनुदान परत करावं लागेल कदाचित."

मला राहवेना. कावासाकीत मी युरोपातल्या कंपन्यांच्या अनुदान-अर्जांचं सॉफ्टवेअर बनवतो. "तिकडे आधी विचारतात, एकाला मदत दिल्याने शेजारचा धंदा बुडतो का? इथे शेजारचा त्याच मदतीवर तरतोय, तर तुम्ही तो बुडवायला निघालात."

"हा युरोप नाही."

"नाहीच. युरोपात शेजाऱ्याचे बूट लपवावे लागत नाहीत."

ओका-साननी मला गप्प केलं आणि रस्त्यापलीकडे हाक मारली. ओनो-सान घरातल्या सपाता घालूनच आले, वाकून नमस्कार केला, बूट चढवले.

"परवानगीचा अर्ज आत्ता भरते," ओका-सान म्हणाल्या. "तोवर मशीन चालेल. बंद करायचं तर बटण तुम्ही दाबा. याच्यासमोर."

तपासणीवाल्याने बटणाला हात लावला नाही. खिशातून पेन काढलं आणि अर्जाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"मिळेलच असं नाही."

"मग परत या. वड्या खायला."

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर दोन खोके होते, एकेका कारखान्याचं एकेक. दोन्हीतल्या वड्यांची चव वेगळी, मशीन एकच. यातला कुठला धंदा दुसऱ्याच्या मुळावर आला, ते मला निशी-कसाई येईपर्यंत खाऊनही कळलं नाही.

महिन्याने साकामोतो-सानला विचारलं.

"अर्ज पडून आहे."

"आणि मशीन?"

"ते कशाला पडून राहील?"