न लावलेला फोन

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो. ती झाकून देवीच्या कृपेबद्दल लिहिणं मला शोभणार नाही. मागच्या वर्षी श्रावण संपता संपता माझ्या पत्नीने मला सांगितलं की डाव्या काखेपाशी, छातीला लागून, काहीतरी गाठीसारखं हाताला लागतंय. मी म्हटलं, इंदूरच्या डॉक्टरांची वेळ घेतो. काही दिवसांनी तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "फोन केला होता. डॉक्टर बाहेरगावी गेलेत." मी फोन केलाच नव्हता. नंबर मोबाइलमध्ये होता. मी तो काढायचो, बघायचो आणि मोबाइल पालथा ठेवून द्यायचो.

आम्ही धारला राहतो. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. त्या दिवसांत मला कुठलंच काम हातून होईनासं झालं होतं. नळ गळत होता, तो गळतच राहिला. ऑफिसात फायली साचल्या. ऑफिसातले चौबेजी म्हणायचे, "क्या भिया, कुर्सी से फेविकोल लगा लिया क्या?" मी हसायचो. सकाळी मोबाइलवर उत्साह वाढवणारी भाषणं ऐकायचो आणि ती ऐकता ऐकताच अंघोळीची वेळ टळायची. मला वाटायचं, आपण आळशी झालोय, वय झालं. खरं कारण वेगळं होतं आणि ते मी स्वतःलाही सांगत नव्हतो. माझी आई अशाच एका तपासणीला गेली होती, आणि त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. माझ्या मनात कुठेतरी पक्कं बसलं होतं की तपासलं नाही तोवर काही झालेलं नाही. तो एक फोन मला लावायचा नव्हता, म्हणून बाकीचीही सगळी कामं थांबली होती.

आणि माझ्यासारख्या देवभोळ्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, पंचांग ती पुरवतं. गणपती आले, मी म्हटलं, मूर्ती घरात असताना दवाखाना नको. मग गौरी आल्या. मग पितृपक्ष लागला, त्या पंधरवड्यात चांगल्या कामाची सुरुवात करत नाहीत. पितृपक्ष संपला आणि घरी देव बसले. आमच्याकडे नवरात्रात घट असतो आणि अखंड दिवा. दिव्याला तेल घरच्या कर्त्या पुरुषानेच घालायचं, तेही सोवळ्यात, आणि रात्री घर सोडायचं नाही. "नवरात्र उठू दे, मग बघू," मी म्हणालो. ती नुसती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा मला राग यायचा. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दिव्याबद्दल आमच्या घरात एक समजूत आहे. आजोबांच्या वेळी एकदा नवरात्रात दिवा विझला, आणि त्याच वर्षी आजी गेली. लहानपणापासून हे इतक्यांदा ऐकलंय की मी वातीकडे बघताना श्वास रोखून धरतो. मागच्या वर्षी तर मी झोपेतून दचकून उठून देवघरात जायचो. डॉक्टरला फोन लावायची ताकद नव्हती, पण दिव्यासाठी मी कितीही वेळा उठत होतो. बायकोचं सगळं आयुष्य त्या ज्योतीवर टांगलंय असं मला वाटायचं, आणि ज्योत सांभाळली की माझं कर्तव्य झालं, असंही.

ललितापंचमीला आम्ही देवासला जातो. तुळजापूर लांब, म्हणून आमच्या पूर्वजांनी कुलस्वामिनीची ओटी टेकडीवरच्या तुळजाभवानीला भरायची पद्धत घातली. सकाळी घटाला माळ बांधायची, समई काठोकाठ भरायची, दाराला कुलूप लावून पहिली बस धरायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. त्या दिवशीही तसेच निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालू होती, भुसा उडत होता. ही खिडकीशी ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. ताट ती एकाच हाताने धरत होती, हे मी पाहिलं आणि बाहेर बघू लागलो.

टेकडीवर रांग मोठी होती. आमची पाळी जवळ आली तसं तिने ताट वर उचललं, आणि डावा हात अर्ध्यातच थांबला. ताट कललं. नारळ सुटून पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. मी जागच्या जागी गार पडलो. ओटीचा नारळ पडला! मला पुढे जाऊन तो उचलताही येईना.

मागून एक बाई नारळ घेऊन वर आल्या. देवासकडच्याच पिपलरावां नावाच्या गावच्या होत्या, ते नंतर कळलं. पन्नाशीच्या असतील, अंगावर मळकट लुगडं, केसांत सोयाबीनचा भुसा. त्यांनी नारळ पदराला पुसला आणि हिच्या ताटात ठेवला. "ले बेन, पकड़. मैया के आँगन में लुढ़का है, कोई नाली में थोड़ी गिरा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भिया, ऐसे क्यों खड़े हो जैसे बस छूट गई?" रांगेतले दोघंतिघं हसले. ही पण हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

ओटी भरली. खाली उतरताना एका ओट्यावर दोघी बसल्या, मी पाणी आणायला गेलो. बाटली भरून परत आलो तेव्हा ही सांगत होती. मी पाठीमागे होतो, तिला दिसलो नाही.

"गाँठ है," ती म्हणत होती. "डॉक्टर बाहर गए हैं. ये तो रोज़ फोन लगाते हैं बेचारे. ऑफिस से भी लगाते हैं."

आजवर मला कोणी इतकं मोठं शासन केलेलं नाही. ती माझी तक्रार करत नव्हती. ती माझं कौतुक करत होती. एका अनोळखी बाईसमोर माझी बाजू राखत होती, तीही मी न केलेल्या कामासाठी. हातातली बाटली मला जड झाली.

"इंदौर में एक ही डॉक्टर है क्या?" बाई म्हणाल्या. "मेरी देवरानी अस्पताल में भरती है, मैं यहाँ से वहीं जा रही हूँ परसाद लेके. चल मेरे साथ."

मी पुढे झालो आणि माझं नेहमीचं सुरू केलं. घरी देव बसलेत, अखंड दिवा आहे, किल्ली माझ्याच खिशात आहे, दिवेलागणीला पोचायला हवं, दिवा विझला तर... बाईंनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत.

"दिया किसका है?"

"देवी का."

"तो मैया देख लेगी. ये बेन किसकी है, ये बताओ."

तिघं इंदूरच्या बसमध्ये बसलो. मला त्या वेळी धीर आला, विश्वास वाटला, असं काहीही झालं नाही. मी घाबरलेलाच होतो. एका बाजूला रिकाम्या घरात जळणारी समई दिसत होती, दुसऱ्या बाजूला आईचा शेवटचा चेहरा. इंदूर आलं तेव्हा वाटलं, तसंच बसून राहावं आणि पुढची धारची बस धरावी.

दवाखान्यात खिडकीशी नाव नोंदवायचं होतं. माझा नंबर आला आणि मी बाजूला झालो, मागच्याला म्हटलं, तुम्ही घ्या. पुन्हा आला, पुन्हा सरकलो. पाय पुढे पडत नव्हते. बाकावर ही बसली होती, मांडीवर ओटीचा प्रसाद, आणि ती माझ्याकडे अगदी विश्वासाने बघत होती. तेव्हा मनात एक साधी गोष्ट आली. रोज पहाटे मी दिव्यात तेल घालतो. तेव्हा मी मनाला विचारतो का, तुझी इच्छा आहे का, उत्साह आहे का? अंगात ताप असला तरी घालतो. मन तयार व्हायची वाट मी देवीच्या दारात कधी पाहिली नाही. मग इथेच का पाहतोय? मी मनातल्या मनात देवीला म्हणालो, आई, हे तेलच घालतोय असं समज. आणि खिडकीत हात घालून हिचं नाव सांगितलं. इतक्या हळू, की खिडकीतल्या मुलीने दोनदा विचारलं.

डॉक्टरांनी तपासलं, सुई घालून नमुना घेतला, आणि उरलेली तपासणी दुसऱ्या सकाळी करायची म्हणून थांबायला सांगितलं. म्हणजे दिवा गेला. दिवेलागणीला मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो आणि डोळ्यांपुढे वात काजळत होती. त्या बाई आपल्या धाकट्या जावेला जेवू घालून आल्या आणि आमच्याही हातावर पुरी-भाजी ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धारला पोचलो. कुलूप मी उघडलं, पण आत जायचं धाडस होईना. ही पुढे गेली. समई विझलेली होती. तेल आटलं होतं, वात काळी पडली होती. मी उंबऱ्यात मटकन बसलो. ज्याची भीती होती ते झालंच, आता हिचं काय, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात देवघरातून तिचा आवाज आला. "अहो, बसलात काय? हातपाय धुऊन या. काडेपेटी ओली झालीय, दुसरी द्या." मी उठलो, अंघोळ करून आलो, समई पुसली, तेल घातलं. काडी तिने ओढून दिली. देवी जिथे होती तिथेच होती. घटातलं धान बोटभर वाढलं होतं.

गाठ वाईटच निघाली. ऑपरेशन झालं, मग पुढचे उपचार, केस गेले, आता पुन्हा येताहेत. उशिराने किती नुकसान झालं, हे मी डॉक्टरांना विचारलं, तेही बऱ्याच दिवसांनी. ते म्हणाले, सांगता येत नाही, आता आलात ते बरं केलंत. दर तपासणीच्या आधी मला आईच आठवते. भीती गेलेली नाही. पण आता ती गेल्यावर काम करू, असं मी म्हणत नाही. नळ दुरुस्त केला. फायली संपवल्या. सकाळी समईजवळ बसून देवीला सांगतो, आज एवढं करायचंय, फळ तुझ्याकडे, आणि उठतो. शरण जाणं म्हणजे हात जोडून बसणं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. कापत्या पायांनी खिडकीपाशी जाणं हेही शरण जाणंच आहे, हे देवीने मला एका अनोळखी बाईच्या तोंडून शिकवलं. देवीचे उपकार फिटणार नाहीत.

एक काम मात्र मी पुन्हा पुढे ढकलत होतो. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. केस येऊ देत, मग. यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बाईंचा पिपलरावांहून फोन आला. ही देवघराच्या दारात वाती वळत बसली होती, मोबाइल खांद्याशी धरून हसत बोलत होती. "इनकी क्या बताऊँ बेन, तब बेचारों ने कितने फोन लगाए थे," ती म्हणाली.

फोन ठेवेपर्यंत मी थांबलो. मग तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मी एकही फोन लावला नव्हता," मी म्हणालो. "डॉक्टर कुठेही गेले नव्हते. मी घाबरलो होतो आणि तुझ्याशी खोटं बोललो. देवाच्या आड लपलो. चुकलो मी. मला माफ कर."