मामांचं कपाट आणि आमचे ड्रॅगन

अख्ख्या बेलापुरात ड्रॅगनशी उघड वैर धरलेला एकच माणूस आहे आणि तो नेमका आमच्या ह्यांचा मामा आहे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्यात मामांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या वाचनालयाचं काम बिनपगारी अंगावर घेतलं आणि तिथलं एक लोखंडी कपाट विज्ञानकथांनी गच्च भरून टाकलं. अवकाशयानं, यंत्रमानव, परग्रहावरची शेती, सगळं होतं. फक्त वाचणारे नव्हते. गावाला हल्ली वेड जादूगारांचं, शापित राजकन्यांचं आणि ड्रॅगनचं. मी स्वतः त्याच पार्टीतली, त्यामुळे मामांचा माझ्यावर जरा जास्तच राग.

मामा जादूच्या गोष्टी वाचत नाहीत असं कुणी समजू नये. ते त्या तपासायला घेतात. एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना पहिला घास हातात धरून म्हणाले, "सूनबाई, तुझा तो ड्रॅगन हत्तीपेक्षा मोठा. मग खातो काय? गावातल्या गुरांचा सगळा मुरघास त्याला दोन दिस पुरायचा न्हाई!" मी म्हटलं, "मामा, भाजी निवतेय." तर म्हणे, जादूगारानं काठी फिरवली अन् किल्ला उभा राहिला, मग सिमेंट कुठनं आणलं? मी त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

आमच्याकडे खताच्या दुकानात युरिया मागितला की दुकानदार नको असलेलं दुसरंच काहीतरी सोबत गळ्यात मारतो. त्याला लिंकिंग म्हणतात. मामांनी तेच वाचनालयात सुरू केलं. ड्रॅगन हवा असेल तर जोडीला एक विज्ञानकथा न्यायची आणि परत करताना तोंडी परीक्षा द्यायची. एक बागाईतदार बाई खवळल्याच. "मामा, युरियालाबी लिंकिंग अन् गोष्टीलाबी लिंकिंग? लई झालं!" मामांनी शांतपणे विचारलं, "ते यान मंगळाकडं गेल्तं, पुढं काय झालं?" बाई म्हणाल्या, "पोचलं असंल की! एवढ्यात मानूस काशीला जाऊन येतो." सगळे हसले, मीसुद्धा. मामांचा चेहरा मात्र उतरला.

शेवटी तक्रारी वाचनालयाच्या समितीपर्यंत गेल्या. नवी पुस्तकं जमिनीवर पडून, वाळवीची भीती. तेव्हा मामांचं कपाट रिकामं करायचं का, यावर रविवारी सभा ठरली. मामांचं जेवणावरचं मन उडालं. कपाटातलं एकेक पुस्तक त्यांनी नगर-पुण्याच्या रद्दीवाल्यांकडून हुडकून आणलेलं. मामींचा मला फोन आला, "अगं, आरशापुढं भाषण पाठ करत्यात. कपाट गेलं तर हा मानूस खचंल बघ. तू समितीत हायेस, कर की कायतरी." मी ठरवलं, ड्रॅगन गेले खड्ड्यात, आपलं मत मामांना.

सभेत मामा बोलायला उभे राहिले आणि तेवढ्यात वाचनालयामागच्या उसावर फवारणीचा ड्रोन घोंघावू लागला. समितीनं एकदा तिकडं पाहिलं, कुणीतरी खिडकी लावून घेतली आणि सगळ्यांनी चहाचे कप पुढे ओढले. मामा त्या बंद खिडकीकडेच बघत राहिले. पाठ केलेलं भाषण गेलं कुठच्या कुठं.

"असलं यंत्र मी या पुस्तकांत वाचलं तवा मला तहानभूक न्हवती," ते म्हणाले. "आता ते खरंच आलं, तर तुमी खिडकी लावली. बरोबर हाय तुमचं. दारात येऊन हुभं ऱ्हायलं त्याची गोष्ट कोन वाचनार? ड्रॅगन काय कधी येनार न्हाई, म्हनून त्याची गोडी. करा मोकळं कपाट."

मत द्यायची वेळच आली नाही. सभा उठली, मंडळी गाड्यांना किका मारून घरी गेली. मामा तेवढे चपला हातात घेऊन चिखल तुडवत उसाच्या बांधावर गेले आणि मान वर करून, आ वासून बघत उभे राहिले. ड्रोनवाला "लांब व्हा, लांब व्हा" म्हणून ओरडत होता, पण मामांना कुठं ऐकू येतंय! त्यांना हाक मारायला मी पुढे झाले आणि थांबले. मी जादूच्या एवढ्या गोष्टी वाचल्या, पण असं तोंड उघडं टाकून मला कधी काही बघता आलं नाही. फार हेवा वाटला मला मामांचा.