हत्तीवरचा राजा आणि रणगाड्यांची कॅसेट

जळगावजवळच्या एका मळ्यात दर हिवाळ्यात आमची भरीत पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या हाणायच्या आणि लहानपणीच्या व्हिडिओ गेमची क्रमवारी लावायची. आम्ही तिघं, चाळिशी ओलांडलेले बाप्ये: मळेवाला, धुळ्याचा मित्र आणि मी. यादी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिली जाते. नियम एकच: ज्या गेमचा शेवट आमच्यापैकी कुणी पाहिला नाही, त्याला पहिला नंबर नाही.

हा नियम लोडशेडिंगच्या पोटचा. आमच्या लहानपणी शेवटच्या लेव्हलला पोहोचलं की हमखास लाइट जायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. तरीही माझा लाडका रणगाड्यांचा गेम वर्षानुवर्षं अव्वल होता. कारण मी ठोकून दिलं होतं, की सुट्टीत शिंदखेड्याला मामाकडे मी तो संपवला! शेवटी काय होतं? राजा हत्तीवरून येतो आणि रणगाड्याला हार घालतो. दरवर्षी मी त्यात थोडी भर घालायचो. गेल्या वर्षी तर हत्तीने सोंड उचलून सलामीही दिली.

यंदा धुळेकर जुना टीव्ही आणि नेमकी तीच कॅसेट घेऊन हजर. "भो, आज हत्ती पाहायचाच!"

आता माझं बिंग फुटणार होतं. पण मळ्यातली लाइट दुपारी दोनला जाते, हे मला ठाऊक होतं. मी वांगी उगाच उलटीपालटी करत घड्याळ बघत बसलो. दोन वाजले, विहिरीवरची मोटार बंद पडली. मी चेहरा पाडून म्हणालो, "अरेरे, नशीबच नाही."

टीव्हीवर रणगाडे धावतच होते.

"घरून इन्व्हर्टर आणलाय," मळेवाला म्हणाला. "खास तुझ्या हत्तीसाठी."

धुळेकर शेवटच्या लेव्हलला पोहोचला. लाइफ एकच उरलेली. तो हरला की मी सुटलो. मला नुसतं गप्प बसायचं होतं. पण त्याने रणगाडा भलत्याच कोपऱ्यात घुसवला आणि माझ्याच्याने राहवेना. "अरे, डावीकडून! भिंत फोड! दे इकडे!" मी रिमोट हिसकावला. एक उडवला, दुसरा उडवला. मागे वांगी करपत होती, मळेवाला माझ्या पाठीत गुद्दे घालत ओरडत होता, "मार, मार, मार!" शेवटचा रणगाडा फुटला आणि मी उडी मारून किंचाळलो, "संपवला! आयुष्यात पहिल्यांदा संपवला!"

"पहिल्यांदा?" दोघं एका सुरात म्हणाले.

पडदा काळा झाला. मग पुन्हा पहिली लेव्हल सुरू. राजा नाही, हत्ती नाही, हत्तीचं शेपूटही नाही.

"बठ्ठं खोटं शे!" धुळेकर गरजला.

शिक्षा म्हणून सगळी करपलेली वांगी सोलून ठेचायचं काम माझ्याकडे आलं. मळेवाला ओलं फडकं घेऊन दाराकडे गेला.  पण यादीवर फडकं न फिरवताच तो वळला.

"आता शेवट तिघांनी पाहिलाय," तो म्हणाला. "नियमाने पहिला नंबर पक्का."

"याला काय शेवट म्हणतात?" धुळेकर भांडायला उठला. जेवण होईपर्यंत तो भांडतच होता. मग पुरीवर भरीत घेता घेता त्याने मला हळूच विचारलं, "हार कशाचा होता रे?"

"झेंडूचा," मी म्हणालो.