टिकली लावलेली चिप

आज दुपारी धाराशिवच्या भंगारात एक जुना सर्किट बोर्ड सापडला. भंगारवाले चाचा हसले, "बेटी, ह्या चिपला टिकली कुणी लावली? नवरी हाय का ही?"

मला हसू आलं नाही. या चिपच्या पाठीवर छोटी काच असते; तिच्यातून ऊन आत जात राहिलं, तर आतला प्रोग्रॅम पुसला जातो. म्हणून बाबा तिच्यावर आईच्या पाकिटातली काळी टिकली लावायचे. तेरच्या आमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी हे त्यांच्याकडूनच शिकले. ते गेल्यावर तिथला माल भंगारात दिला तो मीच, नीट न बघता.

हा बोर्ड आमच्याच दुकानातला असणार. टिकली अर्धी निघाली होती. बोर्ड ओढणीत गुंडाळून खोलीवर आणला. प्रोसेसरचा नंबर तीनदा वाचला, पाच व्होल्ट दोनदा मोजले, तरी बटण दाबायला हात धजेना.

शेवटी दाबलं. बोर्डावरच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: सी, एच, ए. म्हणजे चा!

बाबांनी दुकानात ही अक्षरं लावली की मी चहा आणायला घरी पळायचे.

आता बोर्ड दारात टांगलाय. चहा झाला की चालू करीन, पण बघायला इथं कुणी नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी रविवारी चहाला कोण येतंय? येताना चिपसाठी एक काळी टिकली आणा. मी कपाळाला लावत नाही, म्हणून घरात नाही.